इव्ह ऑनलाइनचे सहा क्लायंट, एक संगणक: रायझन ७ ५७००एक्स आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६०

या परीक्षणातला संगणक एकाच कामासाठी जुळवला आहे: इव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन खेळाचे सहा क्लायंट (आपल्या संगणकावर चालणारा खेळाचा कार्यक्रम म्हणजे क्लायंट; प्रत्येक खात्याला एक) एकाच वेळी, संध्याकाळी सलग चार-चार तास, न अडखळता चालवणे. एएमडीचा रायझन ७ ५७००एक्स हा प्रोसेसर, एनव्हिडियाचे १२ जीबी मेमरी असलेले आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी अशी ही जुळणी आहे. यातला एकही भाग आज नवा म्हणता येणार नाही. कार्ड २०२१ सालचे आहे आणि प्रोसेसर २०२२ सालचा. तरीही त्यांच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण संगणकाच्या भागांची बहुतेक परीक्षणे एकच खेळ पूर्ण पडद्यावर चालवतात आणि सेकंदाला किती फ्रेम मिळाल्या तेवढेच मोजतात. सहा क्लायंट चालवणाऱ्याने त्या आकड्यांवर विसंबून खरेदी केली, तर त्याचे पैसे नको त्या ठिकाणी जातात. माझेही तसे जाता जाता थोडक्यात वाचले.

आइसलँडमधील रेक्याविकच्या सीसीपी गेम्स या कंपनीने मे २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. चीनमधील स्वतंत्र सर्व्हर सोडला, तर जगभरचे खेळाडू ट्रँक्विलिटी नावाच्या, लंडनमध्ये असलेल्या एकाच सर्व्हरवर खेळतात. एकाच माणसाने अनेक खाती एकत्र चालवण्याची, म्हणजे मल्टिबॉक्सिंगची, येथे जुनी रीत आहे. माझ्या सहा खात्यांपैकी एक ऑर्का हे खाणकामाला बळ देणारे मोठे जहाज हाकते, चार खाती मॅकिनॉ या खाणजहाजांवर आहेत आणि सहावे माल वाहून नेते. सर्व्हर रोज भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचारला काही मिनिटे बंद होतो आणि लघुग्रहांचे पट्टे त्याच वेळी पुन्हा भरतात. त्यामुळे पाचच्या सुमारास बसणाऱ्या आपल्याकडच्या खेळाडूला ताजे पट्टे मिळतात, आणि युरोपातली गर्दी अजून कामावरून घरी परतलेली नसते.

यंत्राची निवड करण्यापूर्वी खेळाचे दोन नियम ध्यानात घ्यावे लागतात, कारण यंत्राकडून नेमके काय हवे हे त्यांवरूनच ठरते. पहिला नियम असा, की फुकटचे अल्फा खाते दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी चालवता येत नाही. सहाही खाती ओमेगा, म्हणजे वर्गणी भरलेली, असावी लागतात, आणि प्लेक्सने (खेळातल्या, विकत घेता येणाऱ्या चलनाने) भरणा केल्यास एका खात्याचे तीस दिवस ५०० प्लेक्सना पडतात, म्हणजे सहा खात्यांना महिन्याला ३,००० प्लेक्स. दुसरा नियम १ जानेवारी २०१५ पासून लागू आहे. त्यानुसार एकदा दाबलेली कळ किंवा माउसची एक टिचकी सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक क्लायंटना एकदम पाठवण्यास बंदी आहे. म्हणजे सहा जहाजे एका सूर्यमालेतून दुसरीत नेणाऱ्या दरवाज्यातून पलीकडे न्यायची, तर सहा खिडक्यांमध्ये जाऊन सहा वेळा हाताने आज्ञा द्यावी लागते. यंत्राची खरी कसोटी येथे लागते. समोरच्या एका खिडकीत चित्र किती सुंदर दिसते यापेक्षा एका खिडकीतून दुसरीत गेल्यावर ती खिडकी त्याच क्षणी सजीव असते की नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

क्लायंटच्या रचनेचाही येथे संबंध येतो. इव्हचा बराचसा व्यवहार स्टॅकलेस पायथनमध्ये लिहिलेला आहे, आणि अशा कार्यक्रमाचे मुख्य काम एका वेळी एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालते. चित्र काढण्याचे काही काम इतर थ्रेडवर वाटले जाते हे खरे, पण एका क्लायंटला प्रोसेसरचे सोळा कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) दिले म्हणून तो सोळापट वेगाने धावत नाही. सहा क्लायंट म्हणजे मात्र सहा स्वतंत्र मुख्य थ्रेड, आणि त्या प्रत्येकाला स्वतःचा कोर मिळाला तर कोणालाच थांबावे लागत नाही. त्यातच या खेळाचा सर्व्हर सेकंदाला एक या ठेक्याने चालतो. दिलेली आज्ञा पुढच्या ठोक्याला अमलात येते, त्यामुळे मागच्या खिडक्यांना सेकंदाला वीस-तीस फ्रेमही पुरतात. थोडक्यात, एका क्लायंटचे ओझे हलके आहे, पण तसे सहा वेगवेगळे बोजे यंत्राला एकाच वेळी पेलावे लागतात.

माझे आधीचे यंत्र इंटेलच्या कोअर आय५-७४०० चे होते. त्यात चार कोर, चारच थ्रेड, १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय होते. त्यावर दोन क्लायंट उत्तम चालत आणि तीन कुरबुर न करता चालत. चौथा उघडला की कुरबुर सुरू होई आणि पाचव्याला यंत्र उघडपणे हात टेकत असे. टास्क मॅनेजरमध्ये चारही कोर शंभर टक्क्यांवर, ग्राफिक्स कार्डाची मेमरी काठोकाठ, आणि खिडकी बदलली की एक-दोन सेकंद काळा पडदा. खाणकामात एवढा खोळंबा चालतो असे वाटू शकते, पण ते खरे नाही. सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या भागातही कॅटलिस्ट या स्वस्त लढाऊ जहाजांचा थवा घेऊन खाणजहाजे फोडणारे लोक असतात, आणि कॉनकॉर्डचे पोलीस येईपर्यंतच्या मोजक्या सेकंदांतच सारा निकाल लागतो. धोका दिसला आणि तीन जहाजे हलवता आली, पण चौथ्याची खिडकी काळीच राहिली, तर ते जहाज गेलेच म्हणून समजावे.

नवी जुळणी मी २०२३ च्या मध्यास पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन-तीन दुकाने फिरून केली. प्रोसेसर सुमारे सतरा हजारांना आणि कार्ड सुमारे सत्तावीस हजारांना पडले, दोन्ही १८ टक्के जीएसटी धरून आणि पक्क्या बिलावर. रायझन ७ ५७००एक्समध्ये आठ कोर व सोळा थ्रेड आहेत, आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) आठही कोरना सामाईक आहे. त्याची अधिकृत उष्णता-मर्यादा ६५ वॅट आहे. याच घराण्यातले जास्त वॅटचे भाऊबंद थोडे वेगवान आहेत, पण सहा-आठ कोर तासन्‌तास मध्यम भाराखाली राहणार असतील, तर कमी वीज खाणारा आणि कमी तापणारा प्रोसेसरच मला योग्य वाटला. हा प्रोसेसर कूलरशिवाय येतो, हे खरेदीच्या हिशेबात आधीच धरावे. त्यात अंगभूत ग्राफिक्सही नसल्यामुळे ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही.

आठ कोरांचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो तो दरवाजा ओलांडताना. सहा जहाजांना एकामागोमाग आज्ञा दिल्या की सहाही क्लायंट जवळजवळ एकाच वेळी नवी सूर्यमाला उघडू लागतात, आणि तेवढ्या काही क्षणांपुरता प्रत्येक क्लायंट आपला कोर पूर्ण वापरतो. जुन्या यंत्रावर या वेळी शेवटच्या जहाजाला समोरचे दृश्य दिसायला दहा-बारा सेकंद लागत. आता पहिल्या आणि सहाव्या खिडकीत जाणवण्याजोगा फरक उरलेला नाही. दरवाज्यापाशी तसा खेळच थोडी सवलत देतो, कारण पलीकडे गेल्यावर जहाज न हलवल्यास एक मिनिटभर ते कोणालाही दिसत नाही. त्यामुळे उएदामासारख्या बदनाम सूर्यमालेतही हळू यंत्र एक वेळ निभावून जाते. लघुग्रहांच्या पट्ट्यात मात्र अशी सवलत नसते, आणि नव्या प्रोसेसरचे मोल मला खऱ्या अर्थाने तेथेच कळले. सहाही क्लायंट स्थिरपणे खाणकाम करत असताना एकूण प्रोसेसर-वापर निम्म्याच्या आसपास राहतो, म्हणून त्याच वेळी ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि मागे चालणारे गाणे यांनाही जागा उरते.

टास्क मॅनेजरमधून प्रत्येक क्लायंटला ठरावीक कोर बांधून देण्याचा सल्ला अनेकांकडून मिळतो. चार कोरांच्या यंत्रावर मी तो मनापासून पाळत होतो आणि त्याचा फायदाही होत असे. ५७००एक्सवर महिनाभर दोन्ही प्रकारे खेळून पाहिले, पण फरक दिसला नाही. क्लायंट बंद करून पुन्हा उघडला की ही बांधणी पुसली जाते आणि दर वेळी नव्याने करावी लागते, म्हणून मी ती सोडून दिली. कोर पुरेसे असतील तर विंडोज ते काम नीट करते.

आता ग्राफिक्स कार्डाकडे वळतो, कारण या जुळणीतला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय तोच होता. अनेक क्लायंट चालवताना कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी संपते. प्रत्येक क्लायंट आपले टेक्स्चर, आपले बफर आणि आपले दृश्य स्वतंत्रपणे मेमरीत ठेवतो. शेजारच्या खिडकीत तेच जहाज आणि तोच लघुग्रह असला, तरी त्यांच्यात काहीही वाटून घेतले जात नाही. माझ्या यंत्रावर समोरचा मुख्य क्लायंट १४४० पी रेझोल्यूशनवर उच्च सेटिंगमध्ये अडीच जीबीच्या आसपास मेमरी घेतो, आणि मागचे पाच क्लायंट कमी सेटिंगमध्ये प्रत्येकी साधारण एक जीबी घेतात. त्यात विंडोज, दोन मॉनिटर आणि ब्राउझर मिळून आणखी एक-सव्वा जीबी धरला, की बेरीज पावणेनऊ जीबीपर्यंत जाते. ही बेरीज ८ जीबीच्या कार्डात मावत नाही, तर १२ जीबीच्या कार्डात ती मावून वर तीन जीबी मोकळी राहते. हे आकडे कोणालाही स्वतःच्या यंत्रावर पाहता येतात. टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या पानावर जीपीयूच्या स्वतःच्या मेमरीचा स्तंभ जोडला, की प्रत्येक क्लायंटचा वाटा वेगळा दिसतो. नवे कार्ड घेण्यापूर्वी जुन्या यंत्रावर दोन क्लायंट उघडून हा स्तंभ एकदा अवश्य पाहावा.

मेमरी संपली म्हणून खेळ लगेच बंद पडतो असे नाही. ड्रायव्हर न मावणारा भाग संगणकाच्या रॅममध्ये सरकवतो आणि लागेल तेव्हा कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गाने परत आणतो. समोर एकच खिडकी पाहत राहिलात तर सारे सुरळीत वाटते. ज्या खिडकीचे सामान बाहेर गेलेले आहे ती पुढे आणली, की मात्र अडखळणे सुरू होते. म्हणूनच एका खेळावर केलेल्या चाचण्यांत हा दोष दिसत नाही, आणि दर दहा सेकंदांनी खिडकी बदलणाऱ्या आमच्यासारख्यांना तो पावलोपावली बोचतो.

मी खरेदी केली त्याच सुमारास आरटीएक्स ४०६० बाजारात आले होते आणि दुकानदार आग्रहाने तेच पुढे करत होते. ते कार्ड वाईट आहे असे मुळीच नाही. एकाच खेळासाठी ते ३०६० पेक्षा वेगवान आहे आणि ११५ वॅटमध्ये काम करते, तर ३०६० ला १७० वॅट लागतात. एक क्लायंट चालवणाऱ्याला मी बिनदिक्कत ४०६० सुचवेन. पण त्याची मेमरी ८ जीबी आहे, मेमरीचा मार्ग १२८ बिटचा आहे, आणि ते पीसीआय एक्स्प्रेसच्या आठच लेन वापरते. ३०६० कडे १९२ बिटचा मार्ग आणि सोळा लेन आहेत, आणि मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबी आहे, तर ४०६० चा तोच वेग २७२ जीबी आहे. एका खेळात हा फरक ४०६० ची मोठी कॅश भरून काढते. परंतु मेमरी ओसंडून सामान रॅममध्ये जाऊ लागले, तर येण्याजाण्याचा रस्ताही निम्म्या रुंदीचा मिळतो, आणि मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असेल तर तो आणखी निम्मा होतो. सहा क्लायंटसाठी म्हणूनच मी मागच्या पिढीचे कार्ड घेतले, आणि त्या निर्णयाबद्दल मला आजवर एकदाही हळहळ वाटलेली नाही.

येथे खरेदीदारांना एक सावधगिरीची सूचना देणे मला कर्तव्य वाटते. आरटीएक्स ३०६० याच नावाने पुढे ८ जीबीची आवृत्तीही विक्रीला आली, आणि तिच्यात मेमरी कमी आहेच, शिवाय मार्गही १२८ बिटचाच आहे. एका दुकानात मला नेमके तेच खोके, ‘थर्टी सिक्स्टीच आहे, दोन हजार स्वस्त’ असे सांगून दिले जात होते. खोक्याच्या कोपऱ्यावरचा मेमरीचा आकडा वाचला नसता, तर मी ते घरी घेऊन आलो असतो. लॅपटॉपमध्ये मिळणाऱ्या आरटीएक्स ३०६० ची मेमरी तर ६ जीबीच आहे. म्हणजे एकाच नावाखाली ६, ८ आणि १२ जीबी अशा तीन वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या आहेत, आणि अनेक क्लायंट चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्यांपैकी एकच उपयोगाची आहे. जुने कार्ड घ्यायचे असल्यास आणखी एक भान ठेवावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे ‘खाणकाम’ बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली अनेक कार्डे बाजारात आली. त्यांतली बरीच अजूनही ठणठणीत चालतात, पण पंखे घासलेले आहेत का, थर्मल पॅड सुकले आहेत का आणि वॉरंटी किती शिल्लक आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यंत्र कितीही चांगले असले, तरी क्लायंटच्या मांडणीकडे दुर्लक्ष केल्यास ते वाया जाते. लाँचरमध्ये वेगवेगळे प्रोफाइल करता येतात. मी मुख्य खात्यासाठी एक आणि उरलेल्या पाच खात्यांसाठी दुसरे ठेवले आहे. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये टेक्स्चर, शेडर आणि सावल्या सर्वांत खालच्या पातळीवर आहेत, अँटी-एलायझिंग बंद आहे आणि खिडकीचे माप लहान आहे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मागे असलेल्या कार्यक्रमांचा फ्रेम-दर बांधून ठेवण्याची सोय आहे. ती तीसवर ठेवल्यापासून कार्डावरचा भार जवळजवळ निम्म्याने उतरला, आणि पंख्यांच्या आवाजात पडलेला फरक घरातल्यांच्याही लक्षात आला. याखेरीज कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ या तीन कळा एकत्र दाबल्या की क्लायंट अवकाशाचे त्रिमितीय दृश्य काढणेच थांबवतो, आणि याद्या, नकाशा, जहाजाची स्थिती हे सारे मात्र चालू राहते. पट्ट्यात स्थिर उभ्या असलेल्या चार खाणजहाजांसाठी याहून उत्तम उपाय नाही. ज्यांचे यंत्र जुने आहे त्यांनी खरेदीला निघण्यापूर्वी हे सर्व करून पाहावे. कदाचित त्यांचा खर्च वर्षभर पुढे ढकलता येईल.

रॅमच्या बाबतीत मी एक चूक केली आणि ती पुढे दुरुस्त केली. सुरुवातीला १६ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या होत्या. माझ्याकडे एक क्लायंट दीड ते अडीच जीबी रॅम घेतो. गजबजलेल्या व्यापारी स्थानकात हा आकडा वाढतो, आणि क्लायंट बरेच तास उघडा राहिला तरी वाढतो. सहा क्लायंट, विंडोज, दहा-बारा टॅब उघडलेला ब्राउझर आणि डिस्कॉर्ड यांची गोळाबेरीज शनिवार-रविवारच्या लांबलेल्या बैठकीत २६-२७ जीबीला पोहोचत असे. ३२ जीबीत हे बसते, पण अंग चोरून बसते. पुढे मी त्या पट्ट्या विकून ३२ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. आणखी दोन १६ जीबीच्या पट्ट्या शेजारी बसवणे स्वस्त पडले असते, परंतु या प्रोसेसरच्या मेमरी-नियंत्रकाला चार पट्ट्या चालवताना कमी वेगाचीच अधिकृत हमी आहे. दुहेरी रँकच्या, म्हणजे मेमरी-चिपांचे दोन संच असलेल्या, चार पट्ट्या असतील तर वेगात ३२०० ऐवजी २६६७ पर्यंत उतरावे लागते. म्हणून दोनच पट्ट्या, दोन चॅनलमध्ये, हाच मार्ग धरावा. एकच पट्टी बसवून ‘दुसरी नंतर घेऊ’ असा विचार मात्र करू नये, कारण मेमरीच्या दोन मार्गांपैकी एक रिकामा ठेवणे सहा क्लायंटना जाणवल्याशिवाय राहत नाही.

एसएसडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सहाही क्लायंट एकाच सामाईक साठ्यातून फायली वाचतात, त्यामुळे खाती वाढली म्हणून डिस्कवरची जागा वाढत नाही, आणि साध्या एनव्हीएमई एसएसडीने काम भागते. लाँचरमधून खेळाचा पूर्ण साठा एकदाच उतरवून घ्यावा, म्हणजे खेळताना मधेच फायली उतरवण्यात वेळ जात नाही. यांत्रिक हार्ड डिस्कवर मात्र हा उद्योग करू नये.

पडद्यांची मांडणी ज्याने त्याने आपल्या सोयीने करावी. माझ्याकडे २७ इंची १४४० पी मॉनिटरवर मुख्य क्लायंट असतो आणि २४ इंची दुसऱ्या मॉनिटरवर बाकीचे. इव्ह-ओ प्रिव्ह्यू हे छोटे सॉफ्टवेअर सर्व खिडक्यांची लहान जिवंत चित्रे पडद्याच्या कडेला दाखवते आणि चित्रावर टिचकी मारली की ती खिडकी पुढे येते. ते कोणतीही आज्ञा क्लायंटना पाठवत नाही, विंडोजच्याच सोयीने चित्रे दाखवते, म्हणून त्याचा भारही नगण्य आहे. त्याच्याशिवाय सहा खाती चालवण्याची कल्पना आता मला करवत नाही.

वीज आणि उष्णता यांकडे मात्र आपल्या हवामानात गांभीर्याने पाहायला हवे. भिंतीजवळ लावलेल्या मीटरवर, सहा क्लायंट बांधलेल्या फ्रेम-दराने चालू असताना, दोन्ही मॉनिटर धरून साधारण २५० वॅट दिसतात, म्हणजे चार तासांच्या बैठकीला एक युनिट. फ्रेम-दर मोकळा सोडला की हाच आकडा साडेतीनशेकडे सरकतो. ६५० वॅटचा गोल्ड प्रमाणपत्राचा एसएमपीएस या जुळणीला ऐसपैस पुरतो. एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखालीही खोली ३४-३५ अंशांवर असते, आणि तेव्हा दोन हजारांच्या साध्या टॉवर कूलरखाली प्रोसेसर ७० अंशांच्या आसपास राहतो. कार्डाचाही तोच आकडा आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जाळी आणि दोन पंखे हवेत. काचेची बंद पुढची बाजू दिसायला देखणी असली, तरी उन्हाळ्यात तिची किंमत मोजावी लागते. जाळीवरची धूळ पंधरा दिवसांनी झटकली नाही, तर तीन-चार अंश सहज वाढतात.

यूपीएसही या यंत्राचाच भाग समजावा. पुण्यात महावितरण देखभालीच्या कामांसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवते, आणि पावसाळ्यात तर कोणत्याही वारी ती जाऊ शकते. एक जहाज चालवणाऱ्याची वीज गेली तर एक जहाज अडकते, पण आमची एकदम सहा जहाजे अवकाशात बेवारस होतात. १००० व्हीएचा यूपीएस मला सात-आठ मिनिटे देतो आणि तेवढ्यात सगळी जहाजे स्थानकात नेता येतात. त्याच यूपीएसवर राउटरही जोडावा, नाही तर संगणक चालू आणि इंटरनेट बंद अशी वेळ येते.

या जुळणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सहाच्या पुढे आठ क्लायंटपर्यंत ती जाते, पण त्यानंतर दरवाजा ओलांडताना पूर्वीचे अडखळणे हळूहळू परत येऊ लागते. दहा क्लायंट मी उघडून पाहिले. रॅम पुरली, प्रोसेसर पुरला नाही. मोठ्या युद्धांत भाग घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हजारो जहाजे एका सूर्यमालेत जमली की सर्व्हर स्वतःच खेळाचा काळ संथ करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत, आणि तो संथपणा घरातल्या कोणत्याही यंत्राने दूर होत नाही. यंत्राचे काम तेथे एवढेच उरते, की समोरची शेकडो जहाजे काढताना क्लायंट कोसळू नये. अशा वेळी मी मुख्य क्लायंटची सेटिंगही खाली आणतो आणि दोनच खाती युद्धात नेतो.

दहा-बारा खाती चालवणाऱ्यांनी याच मदरबोर्डवर रायझन ९ ५९००एक्स बसवावा असे मला वाटते. त्यात बारा कोर आणि चोवीस थ्रेड आहेत. तो सहा-सहा कोरांच्या दोन तुकड्यांचा बनलेला आहे आणि एका खेळाला दोन तुकड्यांतले दळणवळण कधी कधी नडते. येथे मात्र प्रत्येक क्लायंट स्वतंत्र असल्यामुळे त्याला शेजारच्या तुकडीशी बोलण्याची गरजच पडत नाही. त्याची मर्यादा १०५ वॅट आहे, तेव्हा कूलरही मोठा लागेल. दोन-तीन खातीच चालवायची असतील, तर ५७००एक्सवर खर्च करण्याऐवजी सहा कोरांचा ५६०० घ्यावा आणि वाचलेले पैसे १२ जीबीच्या कार्डाकडे वळवावेत. मी स्वतः यंदाच्या उन्हाळ्यात प्रोसेसर बदलणार नाही. सातवे खाते उघडण्याचा विचार आहे, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे त्याला लागणारी एक जीबी कार्डावर अजून मोकळी आहे.